एकतीस मार्च ते पोयला बैशाख

मुलांनो,

हे मी तुमच्या आईच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण देवनागरी वाचताना तुम्हा दोघांनाही दम लागतो हे मला ठाऊक आहे. तिने रोज थोडं थोडं वाचून दाखवावं. एका बैठकीत संपवलंच पाहिजे असं नाही.

गेल्या बुधवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही मला एकेक प्रश्न विचारलात. धाकट्याने विचारलं, "आजी, तुझ्या मागे ते लाल कॅलेंडर कसलं? त्यातले आकडे वेगळेच आहेत." आणि मोठीने, जी यंदापासून हिशेबशास्त्र शिकते आहे, जरा दटावणीच्या सुरात विचारलं, "आजी, कर्जाचे नवे आंतरराष्ट्रीय नियम आमच्याकडे कधीचेच आले. तुमच्या बँकांनी एवढा उशीर का लावला? तुम्हाला जमलं नाही का?" तेवढ्यात तुमच्याकडची शाळेची गाडी आली आणि फोन बंद झाला. दिवसभर मला ते प्रश्न पुरले. संध्याकाळी लक्षात आलं की दोन्हींचं उत्तर एकच आहे. शिवाय आता इथल्या पेपरात येऊ लागलं आहे की ते नियम आमच्या बँकांनाही लवकरच लागू होणार. ज्यांनी त्याची पहिली तालीम केली त्यांच्यातले बरेच जण निवृत्त झाले, काही गेलेही. म्हणून आत्ताच लिहून टाकते.

सुरुवात मात्र बरीच मागून करावी लागेल.

माझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत कोलकात्याला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरात मराठी, शाळेत मेमसाहेबांचं इंग्रजी, गल्लीत बंगाली. तिन्हींत भांडता येई, म्हणून तिन्ही आल्या असं आम्ही समजत असू. बँकेची परीक्षा पास झाले आणि माझी पहिली नेमणूक झाली बजबजला. बालिगंजहून गाडीत बसायचं आणि शेवटच्या स्टेशनावर उतरायचं, इतका सोपा रस्ता. पण शहर मागे पडलं की हवेचा वासच बदलायचा. नदी, तेलाच्या टाक्या आणि ओला ताग. तागाच्या मिलचा भोंगा वाजला की आमच्या शाखेच्या काचा थरथरत. त्या वासाने माझ्या साड्या धुतल्यावरही ओळखू येत, असं तुमचे आजोबा म्हणायचे.

शाखेत मी एकटीच बाई होते. मॅनेजरसाहेबांना माझ्या कामापेक्षा माझ्या जेवणाची काळजी जास्त. "डबा आणू नका," ते म्हणाले, "उन्हाळ्यात आंबतो. फाटकासमोर मासीमांकडे जा." मासी म्हणजे मावशी आणि तिच्यापुढे मानाचा मा. मिलच्या फाटकासमोर पत्र्याखाली त्यांची भाताची खानावळ होती. चार बाकं, केळीची पानं, आणि एका कोपऱ्यात मातीच्या माठात पाणी. तेव्हा त्या तिशीच्या असतील. नवरा नुकताच गेला होता आणि डोईवरचा पदर घट्ट खोचून त्या स्वतःच पातेली उतरवत.

पहिल्या दिवशी मला आपादमस्तक पाहून त्यांनी विचारलं, "तू मराठी ना? मग भात खातेस की नाही?"

"खाते."

"किती खातेस ते बघूनच ठरवते बँक चांगली की वाईट."

मी दोनदा भात घेतला. त्यांचं कर्जखातं आमच्याच शाखेत होतं हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आता तिथली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मिलचे कामगार मासीमांकडे उधारीवर जेवत आणि पंधरवड्याचा पगार झाला की देत. पण फाल्गुन-चैत्रात सगळं गडबडायचं. लग्नं, गावची शेतं, देवाची कामं. लोक गावी जात, उधारी साठत जाई. ती सगळी चुकती व्हायची पोयला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाला. ते येतं एप्रिलच्या मध्यावर. त्या दिवशी प्रत्येक दुकानात हालखाता असतो. गणपती-लक्ष्मीची पूजा करून दुकानदार नवी वही उघडतो, गिऱ्हाईकांना बोलावणं धाडतो, गिऱ्हाईक येऊन जुनं देणं देतो, आणि त्याला मिठाईचा डबा आणि नव्या वर्षाचं कॅलेंडर मिळतं. देणं न देता त्या दिवशी दुकानासमोरून जाणं म्हणजे तोंड लपवणं. धाकट्या, तुझं लाल कॅलेंडर ते हे. आकडे बंगाली आहेत.

बँकेचं वर्ष मात्र एकतीस मार्चला संपतं. म्हणजे बँक ज्या दिवशी सगळ्यांची थकबाकी मोजते, नेमक्या त्याच दिवशी बजबजमधल्या दुकानदारांचे खिसे सर्वांत रिकामे. बाकी सगळं वर्ष बरं असलेलं खातं तेवढ्या वेळेला महिना-दीड महिना थकलेलं दिसे. आमचे मॅनेजरसाहेब एकतीस मार्चला चष्मा पुसत म्हणायचे, "आज आपण सगळे गरीब. पंधरवड्याने श्रीमंत." जुन्या नियमात याने काही बिघडत नसे. तीन महिने पैसे आले नाहीत तरच खातं बुडीत धरायचं, आणि तिथवर वेळ येतच नसे.

मी तिथे काही वर्षं होते, मग बदल्या होत होत हेड ऑफिसात हिशेब विभागात आले. तिथेच केस पिकले. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना ते नवे नियम आले. लागू झाले नव्हते, फक्त तालीम करायची होती. खरे हिशेब जुन्या पद्धतीने ठेवायचे आणि शेजारी नव्या पद्धतीने पुन्हा मांडून वर पाठवायचे.

मोठीसाठी हे पुरेसं आहे, पण धाकट्यासाठी सांगते. जुनी पद्धत म्हणजे दूध उतू गेलं की ओटा पुसायचा. नवी पद्धत म्हणजे दूध तापायला ठेवलं त्याच क्षणी विचारायचं, यातलं किती उतू जाईल? आणि तेवढ्याची तजवीज आधीच बाजूला काढायची. खातं महिनाभर थकलं की धोका वाढला असं धरून तजवीज एकदम मोठी करायची. आमच्या तक्त्यात अशा खात्यांना पिवळा रंग येई.

शिकवायला सल्लागार कंपनीची माणसं कोलकात्यातल्याच सॉल्ट लेकहून येत. त्यांच्यात साताऱ्याची एक मुलगी होती, नुकतीच इथे बदलून आलेली. आडनावावरून मला ओळखून तिने मराठीत विचारलं, "मॅडम, इथे मराठी कुणी आहे म्हणून मी देवाला नारळ बोललेय. तुमच्यासाठी फोडू का?" त्या दिवसापासून आमचं जमलं. पण वर्गात ती कडक होती. माझ्या शेजारच्या टेबलावरचे दादा, निवृत्तीला टेकलेले, जाड पुस्तक उलटंपालटं करून म्हणाले, "एवढी पानं, आणि टक्का कुठेच नाही? किती तजवीज करायची तो टक्का सांगा, आम्ही लावतो."

"टक्का तुम्ही ठरवायचा, सर. तुमच्या बँकेच्या अनुभवावरून."

"मी? मला जन्मात टक्का कुणी विचारला नाही, फक्त सांगितला. बायकोनेसुद्धा."

सगळे हसले, पण मोठी, तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या हसण्यात आहे. आम्ही वरून आलेल्या परिपत्रकावर वाढलेली माणसं. कधी, किती, कुठे, सगळं लिहून येई. आता कुणीतरी म्हणत होतं, तुमचा अंदाज सांगा आणि त्याचा पुरावा द्या. अंदाज आमच्याकडे ढीगभर होते, पुरावा कुठून आणायचा? शाखांचं काम कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा नुसत्या शिल्लक रकमा चढवल्या होत्या, खात्यांचा मागचा इतिहास नव्हे. म्हणून शाखांकडून मागच्या काही वर्षांची माहिती घाईघाईने मागवली. तीही फक्त दर एकतीस मार्चची, कारण तेवढीच पटकन मिळत होती.

ती माहिती यंत्रात घातली आणि बजबजची शाखा शेवंतीच्या वाफ्यासारखी पिवळी झाली. वर्षामागून वर्ष, तीच दुकानं, तीच थकबाकी. त्यातच त्या वर्षी मिल हिवाळ्यापासून बंद होती. आमच्या साहेबांनी तक्ता पाहिला आणि हुकूम काढला की पिवळ्या खात्यांच्या कर्जाचं नूतनीकरण तूर्त थांबवा.

दोन-तीन दिवसांनी मासीमांचा फोन आला. मधल्या काळात आमचं वर्षातून एकदा तरी बोलणं होई, बहुधा कॅलेंडर पोचलं की नाही हे विचारायला. आवाज आता म्हातारा झाला होता.

"मा," त्या मला मा म्हणत, वयाने लहान असले तरी, "माझ्या नावाला पिवळा रंग लावलाय म्हणे तुमच्या लोकांनी. या वयात हळद लावताय का मला?"

मला हसू आलं. त्या मात्र हसत नव्हत्या.

"ऐक. मिल उघडणार आहे. नव्या वर्षानंतर उघडेल, सगळे तसंच म्हणतात. फाटक उघडेल त्या दिवशी माझी चूल पेटलेली पाहिजे. पहिला पगार होईपर्यंत सगळे उधारीवर जेवतात. मला तांदूळ भरायला कर्ज लागतं, दर वेळी घेते, दर वेळी फेडते. चूल पेटली नाही तर ते पलीकडच्या नव्या हॉटेलात बसतील. माणूस पहिल्या दिवशी ज्या बाकावर बसतो ना, त्याच बाकावर वर्षभर बसतो. मग या जागेत मी काय करू, मालकाला भाडं द्यायला माशा मारू?"

मी काही कबूल केलं नाही. कबूल करणं माझ्या हातात नव्हतं. संध्याकाळी मी ते जाड पुस्तक घरी आणलं आणि शाळेत धडा वाचायचे तसं पेन्सिल घेऊन वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की महिना थकला म्हणजे धोका वाढला हे गृहीतक आहे. बँकेकडे सबळ पुरावा असेल तर ती ते खोडून काढू शकते. नियम आडमुठा नव्हता. तो आमच्याइतक्या घाईत वाचला गेला होता.

दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या मुलीला मी गाठलं. "तू दर वर्षी एकाच दिवशी या लोकांचा फोटो काढतेस, आणि तो नेमका त्यांच्या उपासाचा दिवस असतो. एप्रिलअखेरचे आकडे काढ."

तिने शाखेच्या जुन्या वह्यांतून ते मागवून यंत्रात घातले. बघता बघता पिवळं जवळजवळ सगळं उतरलं. ती म्हणाली, "हे भारीच आहे. पण मावशी," वर्गाबाहेर मी मावशी झाले होते, "हे मागचं झालं. नियम पुढचं विचारतो. यंदा मिल बंद आहे. लोकांना पगारच नाही, तर हालखात्याला देणार कुठून? तुमच्या मासीमांची उधारी यंदा वसूल झाली नाही तर त्या पिवळ्याच. मी तसंच लिहीन हं, सांगून ठेवते."

"लिही. पण बघून लिही."

त्या वर्षीच्या पोयला बैशाखला बँकेला सुट्टी होती. आम्ही दोघी सकाळच्या गाडीने बजबजला गेलो. गाडीत नव्या साड्या, कोरे पंजाबी (इथे कुर्त्याला पंजाबी म्हणतात) आणि मिठाईची खोकी. पण मिलपाशी पोचलो तर फाटक बंद, भोंगा मुका, आणि तागाचा वास नाही. इतकी वर्षं नाकाला नको झालेला तो वास मी उगीचच हुंगून शोधला.

मासीमांनी पत्र्याला आंब्याची पानं बांधली होती. लाल वहीवर सिंदुराचं स्वस्तिक काढलेलं होतं. संदेशाच्या, म्हणजे छेन्याच्या मिठाईच्या, डब्यांची रास लावून त्या बाकावर बसल्या होत्या आणि समोर कोणी नव्हतं. मला पाहून उठल्या, माझ्याबरोबरच्या पोरसवदा मुलीकडे बघून म्हणाल्या, "ही कोण? एवढी बारीक, हिला हिशेब उचलतो?"

"ही पिवळा रंग लावणारी," मी म्हटलं.

"हो का? मग आधी जेवू घालते. उपाशी माणूस उगीच कुठलाही रंग लावतो."

ती मासे खात नव्हती. मासीमांनी कपाळावर हात मारला आणि तिच्यासाठी खसखशीतले बटाटे आणि डाळ वाढली. आम्ही जेवत होतो आणि तिघींचंही लक्ष रस्त्यावर. दुपार चढली. एक-दोघे आले. मासीमा पंख्याने वारा घेत उगीचच डबे मोजल्यासारखं करत होत्या. मुलगी मला हळूच म्हणाली, "मावशी, मला वाईट वाटतंय हो." मलाही तेच वाटत होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा स्टेशनाच्या बाजूने माणसं येऊ लागली. मिल बंद पडल्यावर ती पांगली होती, कोणी खिदिरपूरच्या गोदीत ओझी उचलायला, कोणी वीटभट्टीवर. सुट्टीच्या दिवसाला धरून आली होती. बहुतेकांनी सगळं दिलं नाही, अर्धं दिलं, काहींनी त्याहून कमी. एक उंच माणूस हातातल्या नोटा पुढे करून म्हणाला, "मासीमा, यंदा एवढंच. उरलेलं मिल उघडल्यावर."

"डबा घे."

"अर्ध्याच पैशांत डबा घेऊ?"

"मग काय अर्धाच संदेश देऊ? घे, आणि कॅलेंडर घरात लाव, फळीवर टाकू नकोस. मागच्या वर्षी तुझ्या बायकोने सांगितलंय मला."

बिहारमधल्या गावी गेलेल्यांपैकी काहींनी भाच्याच्या, मेव्हण्याच्या हाती पाठवले होते, काहींनी फोनवरून. काहींचा मात्र पत्ताच नव्हता. मासीमांनी त्यांची नावं मोठ्याने घेतली नाहीत, त्यांचे डबे नुसते बाजूला ठेवले.

दोन घरं पलीकडे साडीचं दुकान होतं. मालक जुना माझ्या ओळखीचा. त्याच्याही दारात आंब्याची पानं होती, पण तिथे माणसं थांबत नव्हती. भात कालचा असतो, त्याची लाज वाटते. साडी मागच्या लग्नातली, ती विसरता येते. निघताना मुलगी त्या दुकानासमोर थांबली आणि म्हणाली, "मावशी, हे मात्र पिवळंच ना?" मला हो म्हणावं लागलं. पुढे ते खातं खरंच बुडालं, आणि जुन्या नियमाने ते आम्हाला कितीतरी उशिरा कळलं असतं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण नवे नियम म्हणजे साहेबांचं खूळ असं मी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं ठरेल.

दुसऱ्या दिवशी शाखा उघडली तेव्हा दारात दुकानदारांची रांग होती. अर्धीमुर्धी जमलेली उधारी बँकेच्या थकलेल्या हप्त्यांना पुरली आणि मासीमांनी थकलेलं सगळं भरलं. मुलीने तिच्या टेबलावरच्या यंत्रात ते पाहिलं, आणि मला फोन करून एवढंच म्हणाली, "हळद उतरली."

त्यानंतर साहेबांसमोर बैठक झाली. ते माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाले, "दीदी, तुमचं त्या शाखेशी भावनिक नातं आहे."

"आहे, सर. म्हणून तर हिला बरोबर नेलं. हिचं नाही."

ती ताठ बसून म्हणाली, "आता झालंय, सर. पण आकडे त्याच्या आधीचे आहेत."

साहेब हसले तेव्हाच मला कळलं की जमलं. आमच्या तालमीच्या टिपणात एक परिच्छेद गेला, तिने लिहिलेला आणि मी इंग्रजी सुधारलेला. बजबजसारख्या शाखांतल्या लहान दुकानदारांची खाती एकतीस मार्चला महिनाभर थकलेली असली तरी लगेच धोक्यात धरू नयेत. एप्रिलच्या मध्यानंतर पाहावं. तेव्हाही आली नाहीत तर मात्र धरावं, मिल बंद असो की चालू. नूतनीकरणावरची बंदी तेवढ्यापुरती उठली. मासीमांनी तांदूळ भरला. मिल उघडायला लोक म्हणत होते त्यापेक्षा बराच वेळ लागला, पण उघडली त्या सकाळी चूल पेटलेली होती. त्यांनी मला फोन करून भोंगा ऐकवला. इकडे हेड ऑफिसात दादांनी विचारलं, काय झालं दीदी, डोळ्यांत काय गेलं?

मी निवृत्त झाले. त्यानंतर वरून कळलं की बँकांसाठी ते नियम पुढे ढकलले आहेत. कायद्यात बदल व्हायचे होते, आणि बऱ्याच बँका तयार नव्हत्या. आमच्या तालमीचे गठ्ठे कपाटात गेले. दादांनी फोन करून म्हटलं, "बघा, शेवटपर्यंत टक्का सांगितलाच नाही."

तर मोठी, उशीर का झाला याचं माझ्यापुरतं उत्तर हे. आमची माणसं अकलेने कमी नव्हती, आणि पुस्तक तर आम्ही तुझ्याइतकंच इंग्रजीत वाचलं होतं. पण ते पुस्तक जिथे लिहिलं गेलं तिथे वर्ष एकदाच संपत असावं. आमच्याकडे एकाच गावात ते दोनदा संपतं, आणि मधल्या पंधरवड्यात कोण कसा आहे हे कुठल्याच यंत्रात भरलेलं नव्हतं. ते भरायला वेळ लागतो. तू जेव्हा या कामाला लागशील तेव्हा आधी विचार, इथली माणसं देणं कधी देतात?

साताऱ्याची मुलगी आता दुसऱ्या शहरात आहे. मासीमा तीन हिवाळ्यांपूर्वी गेल्या. मी बजबजला गेले होते, त्यांच्या बाकावर बसले होते, पण त्याबद्दल आज लिहीत नाही.

खानावळ चालू आहे. त्यांची सून चालवते. पत्रा जाऊन वर स्लॅब आला आहे, बाकं तीच आहेत. हालखाता अजून होतो. कॅलेंडर दर वर्षी येतं आणि माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर असतं.